लॉन काढताय? नवतपा जाऊ द्या

लॉन काढून पक्षी-फुलपाखरांसाठी झाडं लावताय, उत्तम. पण नवतपात (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) खणू नका. आत्ता गवत मरावं म्हणून त्यावर जुने पुठ्ठ्याचे खोके अंथरा, भिजवा, वर पालापाचोळा टाका. हरळी मात्र चिवट, ती मुळासकटच उपटावी लागते. रोपं जूनमध्ये, दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर लावा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून वाफे उंच ठेवा.

शिंजिरांसाठी (फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी) अडुळसा, प्लेन टायगर फुलपाखरासाठी रुई (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका). लिंबू-संत्र्यावर लाइम फुलपाखरू अंडी घालतं, आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनसुद्धा. अळ्या पानं कुरतडतील; कुरतडू द्या, औषध फवारू नका. घाणेरीवर फुलपाखरं येतात खरी, पण घाणेरी बाहेरची आणि पसरणारी. मी तरी लावणार नाही. पहिला उन्हाळा रोपांना रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड मुळांपर्यंत पाणी द्या.