डोस राहिला, कार्ड हरवलं आणि मांडीवरची गाठ

मागच्या महिन्यात बाळांच्या दातांवर लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी लसींबद्दल, म्हणजे मनात तेच चाललंय तर तेच घेऊ.

प्रश्न : भाऊ-वहिनी ऊसतोडीला सांगलीकडं गेलेत. बाळ 5 महिन्यांचं झालं. गावी असताना दीड महिन्याचं पेंटा (डांग्या खोकला धरून पाच रोगांवरची एकच लस) झालं, पुढचे दोन राहिले, त्यात कार्डही सापडेना. आता सगळं पहिल्यापासून टोचायचं का? — एक आत्या, बीड जिल्हा

नाही हो ताई, पहिल्यापासून काहीच नाही. जिथं थांबलं तिथून पुढं. पेंटाचं वेळापत्रक दीड, अडीच आणि साडेतीन महिने असं आहे, पण उशीर झाला तर दोन डोसांत किमान 4 आठवडे ठेवून उरलेले पूर्ण करायचे, झालेला डोस वाया जात नाही. पोलिओचे थेंब, रोटा (जुलाबावरची लस), न्यूमोनियाची लस यातलं जे राहिलंय तेही सोबतच होतं, एका दिवशी दोन-तीन सुया बघून आईचा जीव कासावीस होतो पण बाळाला त्यानं काही होत नाही.

फक्त गावी आल्यावर बघू असं म्हणू नका. कारखान्याचा पट्टा पडायला मार्च उजाडतो, आणि डांग्या खोकला सगळ्यात जास्त छळतो तो तान्ह्या बाळालाच, काही वेळा खोकतही नाही, नुसता श्वास थांबतो. तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं, लस कुठंही घेतली तरी फुकट आणि तीच. कार्डाचं म्हणाल तर गावच्या नर्सबाईंच्या रजिस्टरला नोंद असते, आशाताईंना फोन करून त्या पानाचा फोटो मागवा, आणि नवीन कार्ड मिळालं की त्याचा फोटो भावाच्या, वहिनीच्या, जमलं तर मुकादमाच्यासुद्धा मोबाइलमध्ये असू द्या. कोपीत कागद टिकत नाही, फोटो टिकतो.

प्रश्न : पेंटा दिल्यावर मुलीला 101 ताप आला, रात्रभर किरकिर, मांडीवर सुपारीएवढी गाठ. सासूबाई म्हणतात शेक दे, नवरा म्हणतो पुढचा डोसच नको. मी कुणाचं ऐकू? — एक आई, संगमनेर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा पण शेक नको, चोळणंही नको. थंड पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, बास. पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग जरा तापट आहे, ताप आणि सूज त्याच्यामुळं, एक-दोन दिवसांत उतरतं. गाठ मात्र कधी कधी काही आठवडे हाताला लागते, दुखत नसेल, वाढत नसेल तर तिच्याकडं दुर्लक्ष करा.

एक गोष्ट जपून. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप एक नव्हे. ड्रॉप्सच्या 1 मिलीत साधारण 100 मिलिग्रॅम औषध असतं आणि साध्या सिरपच्या 5 मिलीत 125, म्हणजे सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं की बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. वजन सांगून माप लिहून घ्या, आणि घरचा चमचा नको, बाटलीसोबतचंच माप वापरा.

फिट आली, बाळ एकदम लुळं किंवा पांढरं पडलं, तीन तासांवर न थांबता रडतंय, ताप दोन दिवसांपुढं गेला, तर घरी बसू नका. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात ते उगाच नाही. जोरदार अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांत एखाद्याला होते पण ती बहुतेक वेळा लगेच दिसते आणि तिचं इंजेक्शन तिथं तयार असतं. असं काही झालं असेल तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना सांगायचं, नुसत्या तापासाठी डोस चुकवायचा नाही, हे नवरोबांना वाचून दाखवा.

प्रश्न : गोवराच्या लसीनं मूल बोलायचं थांबतं, ऑटिझम होतो असा मेसेज फिरतोय. खरं काय? — एक बाबा, ठाणे

ही अफवा कुठून आली ते ठाऊक आहे. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरनं फक्त 12 मुलांवर लेख लिहिला, पुढं त्यातली माहितीच फिरवलेली निघाली, 2010 मध्ये तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं लेख मागं घेतला आणि त्याचं डॉक्टरकीचं लायसन्सही गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, 2019 मध्ये निकाल आला, संबंध नाही. पालकांना खरं वाटतं त्याचं कारण मात्र साधं आहे : आपल्याकडं एमआरचा (गोवर-रुबेलाच्या लसीचा) पहिला डोस 9 महिन्यांना आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत, आणि मूल बोलत नाहीये, नजर देत नाहीये हे लक्षात येण्याचं वयही साधारण तेच. त्या आईबापांना मी खोटं म्हणत नाही, त्यांनी पाहिलं ते खरंच असतं, फक्त दोष भलत्याला लागला.

गोवर काय करतो ते 2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीनं पाहिलंय, मुलं दगावली, मग 6 महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली.

प्रश्न : प्रायव्हेटमधली 'पेनलेस' चांगली की सरकारी? — एक आई, पुणे

पेनलेस म्हणजे पेंटासारखीच लस, फक्त डांग्या खोकल्याचा भाग सौम्य केलेला, त्यामुळं ताप कमी येतो हे खरं. पण पेनलेसचं संरक्षण जरा लवकर ओसरतं. खिसा बघून घ्या, यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : नातवाला घेऊन उपकेंद्रावर गेलो, तर 'गोवराची आज नाही, गुरुवारी या' म्हणाले. फ्रिजमध्ये असून देत नाहीत! — एक आजोबा, सातारा जिल्हा

आजोबा, राग समजू शकतो. ती लस पावडर असते, पाणी घालून एकदा तयार केली की 4 तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची, आणि एका बाटलीत पाच-दहा मुलांचे डोस, म्हणून नर्सबाई मुलं जमवून एकच वार धरतात. पण तुम्ही लांबून आला होतात तर विचारायला हवं होतं, एका पोरासाठी बाटली फोडली तर काही बिघडत नाही, मुलाचा डोस हुकण्यापेक्षा ते बरं. गुरुवारी गेलात की बाटलीवरची गोल खूण बघायला मागा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्ही सारखे गडद झाले असतील तर उन्हाळा लागलाय तिला, घेऊ नका. नर्सबाई आनंदानं दाखवतात, कुणी विचारत नाही म्हणून.

प्रश्न : लेक 10 वर्षांची, शाळेत टीडी देणार म्हणतात. लहानपणी सगळं झालंय, मग परत कशाला? — एक आई, लातूर

धनुर्वात आणि घटसर्पाचं जुनं संरक्षण उतरत जातं, म्हणून 10 आणि 16 व्या वर्षी पुन्हा. सही करून द्या. आणि त्या दिवशी पोहे-बिहे खाऊन पाठवा, या वयात पोरी चक्कर येऊन पडतात त्या बहुधा सुईच्या भीतीनं, उपाशी असल्या की जास्तच.