ई-सायकल घ्यावी, पण ठेवायची कुठे?

प्रश्न : मी कोपरखैरण्याला सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. वाशीतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, पाळ्या बदलत असतात आणि अवेळी रिक्षा मिळत नाही. म्हणून ई-सायकल घ्यायचं मनात आहे. मिस्टर म्हणतात, बॅटरी घरात पेटली तर काय, आणि खाली ठेवली तर सकाळी जागेवर असेल का? तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, जरूर घ्या. मात्र बॅटरी किल्लीने काढता येणारीच घ्या. काही सायकलींत ती फ्रेममध्येच पक्की बसवलेली असते. दिसायला देखणी, पण तुमच्या घराला ती चालणार नाही. वीस-बावीस किलोची सायकल रोज तीन जिने कोण चढवणार? सुटी बॅटरी दोन-तीन किलोची असते, पिशवीत घालून वर नेता येते. शिवाय बॅटरी नसलेली सायकल चोराच्याही फारशी कामाची नाही, कारण किमतीचा मोठा वाटा बॅटरीतच असतो.

माझी सगळी नोकरी वीजवितरणात गेली, त्यामुळे आगीचं जरा सविस्तर सांगते. मिस्टरांची भीती खोटी नाही. लिथियम-आयन बॅटरीतला एक सेल बेसुमार तापला की शेजारच्यालाही तापवतो, आणि मग ती आग आवरणं घरच्या माणसांचं काम नाही. पण धडधाकट बॅटरी उगीच पेटत नाही. बहुतेक वेळा पेटते ती आपटलेली, पाणी शिरलेली, जुने सेल जोडून बनवलेली किंवा भलत्याच चार्जरवर लावलेली. चार्जरचं तर फार जपा. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टवर पूर्ण भरते. ४८ व्होल्टवाल्या बॅटरीचा चार्जर बहुधा ५४.६ व्होल्ट देतो. दोघांची पिन कधी कधी सारखीच असते, म्हणून शेजाऱ्याचा चार्जर ‘बसतोय की’ म्हणून लावला जातो. चार्जरवर ‘आउटपुट’ म्हणून छापलेला आकडा वाचल्याशिवाय लावू नका, आणि सायकलीबरोबर आलेला बिघडला तर त्याच कंपनीचा घ्या.

रात्रपाळी करून आलात की बॅटरी लगेच चार्जिंगला लावून झोपायचं नाही. ती गार होऊ द्या, तुमची झोप होऊ द्या, उठल्यावर लावा. चार-पाच तासांत भरते, तेवढा वेळ घरात कुणीतरी जागं हवं. जागा फरशीवरची, गादी-पडद्यापासून लांब, आणि मुख्य म्हणजे दारापासून लांब. जिथून पळायचं, तिथेच आग नको. याच कारणासाठी जिन्याखाली मीटरजवळ वायर ओढून चार्जिंग करायला माझा ठाम विरोध आहे. जुन्या इमारतींत खाली उतरायला तो एकच जिना असतो, आणि तिथे धूर कोंडला तर वरचे सगळे अडकतात. बॅटरी फुगली, विचित्र वास आला किंवा हात लावण्यापलीकडे तापली, तर ती वापरातून बाद. धूर दिसला तर उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि १०१ ला फोन करायचा. तो धूर विषारी असतो.

चोरीची काळजी मात्र मी आगीपेक्षा जास्त करीन. रंगीत प्लास्टिकच्या वेष्टनातलं वायरचं कुलूप साध्या कटरने तुटतं. जाड पोलादी यू-लॉक घ्या, आणि ते मागच्या चाकातून व फ्रेममधून काढून जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडाला अडकवा. नुसतं पुढचं चाक बांधलं, तर चाक कुलपात राहतं आणि बाकीची सायकल जाते. पाण्याच्या प्लास्टिक पाइपाला बांधणं म्हणजे न बांधल्यासारखंच. सोसायटीला अर्ज करून वॉचमनच्या नजरेसमोर सिमेंटमध्ये एक लोखंडी कडी बसवून घ्या. गवंड्याचं थोडक्यात होणारं काम आहे, आणि इतर सायकलवाल्यांनाही उपयोगी पडेल.

फ्रेमचा नंबर बहुधा पेडलच्या दांड्याखाली कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, एफआयआर नोंदवताना लागतो. ही सायकल मोटार वाहन ठरत नाही, त्यामुळे गाडीसारखा मोटार विमा निघत नाही. घराचा विमा असेल तर बाहेर उभ्या केलेल्या सायकलीची चोरी त्यात धरतात का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

तुम्ही रस्त्याचं विचारलं नाहीत, पण मला खरी धास्ती त्याचीच आहे. २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी, लायसन्स काहीच लागत नाही. काही दुकानदार ‘लिमिट काढून देतो’ म्हणतात, त्यांना नाही म्हणा. एकदा वेग त्यापुढे गेला की ती विनानोंदणीची गाडी झाली, आणि अपघात झाला तर सगळं तुमच्या गळ्यात येईल. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक-ट्रेलर धावतात, तिकडे जाऊच नका. सेक्टरांच्या आतल्या रस्त्यांनी वाशीला जा, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. हेल्मेट कायद्याने मागितलं नाही तरी घाला, मागे लाल दिवा लावा. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते ना, हे दुकानातच तपासा. पावसात रस्त्यावर मोटर बुडेल इतकं पाणी असेल त्या दिवशी सायकल घरीच राहू द्या.

आणि पैसे भरण्याआधी रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारा, सुरक्षारक्षकाला दिसेल अशी बांधायची जागा देता का. पाळीभर सायकल तिथेच उभी राहणार आहे. जागा देत नसतील तर मी ई-सायकल घेणार नाही, साधी जुनी सायकल घेईन.