'फोर्टनाइट'मध्ये रात्र कुठून आली?

एका वाचकाने विचारलं आहे, "फोर्टनाइट म्हणजे दोन आठवडे. मग त्यात 'नाइट' कशाला? आणि 'नाइटमेअर'मधली 'मेअर' म्हणजे घोडीच का?" दोन्ही प्रश्न फार छान आहेत, आणि दोन्हींसाठी हजारेक वर्षं मागे, जुन्या इंग्रजीत जावं लागतं.

त्या भाषेत दोन आठवड्यांना 'चौदा रात्री' म्हणत. 'फेओवर्तीने निख्त' असा काहीसा उच्चार. बोलण्यात तो आखडत आखडत 'फोर्टनाइट' झाला. आठवड्यालाही असाच शब्द होता, 'सेनाइट', म्हणजे सात रात्री. 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणी याच शब्दाने काळ मोजतात आणि जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही तो भेटतो. पुढे 'वीक'पुढे त्याचा निभाव लागला नाही. दोन आठवड्यांसाठी तेवढा सुटसुटीत दुसरा शब्द नव्हता, म्हणून फोर्टनाइट तगला. अमेरिकेत तो आता क्वचितच ऐकू येतो. भारतात मात्र पाक्षिकाला आपण अजूनही 'फोर्टनाइटली' म्हणतो.

रात्री मोजायची ही रीत फार जुनी. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. 98च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिलं, की हे लोक आपल्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. त्यांच्या लेखी रात्र पुढे आणि दिवस तिच्या मागून. इंग्रजी बोलणाऱ्यांचे पूर्वज याच लोकांपैकी. म्हणून जुन्या इंग्रजीत 'रविवारची रात्र' म्हटलं की ती आपली शनिवारची रात्र असे. ख्रिसमसच्या आदल्या दिवसाचा 'ईव्ह' म्हणजेही मुळात संध्याकाळच. सण तिथून सुरू होतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नवरात्र, त्रिरात्र, दशरात्र हे शब्द रात्रीच मोजतात. पण व्यवहारात आपण दिवसांकडे वळलो, आणि तिथे एक गंमत आहे. आठवड्यात दिवस सात, तरी शब्दात आठ! या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरली तर दिवस आठ होतात, मधल्या रात्री मात्र सातच भरतात. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात. (आपल्या पंधरवड्यामागे पक्षातल्या पंधरा तिथी आहेत, तो हिशेब वेगळा.) रात्री मोजणाऱ्याचा असा घोळ होत नाही. मला तर चौदा रात्रींचा हिशेब जास्त चोख वाटतो.

आता नाइटमेअर. त्यातली 'मेअर' घोडी नव्हे. जुन्या इंग्रजीत 'मॅरे' म्हणजे झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास कोंडणारी पिशाच्ची. घोडीचा शब्द निराळा होता. काळाच्या ओघात दोन्हींचे उच्चार एक झाले. आधी त्या पिशाच्चीला, मग त्या गुदमरण्याला आणि अखेरीस कुठल्याही भयंकर स्वप्नाला नाइटमेअर म्हणू लागले. भयंकर स्वप्नासाठीच्या फ्रेंच 'कोशमार' या शब्दाच्या शेवटी तीच बाई बसलेली आहे. हेन्री फ्यूजलीने 1781मध्ये रंगवलेल्या 'द नाइटमेअर' या चित्रात निजलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेलं भूत आहे आणि पडद्याआडून डोकावणारं घोड्याचं तोंडही आहे.

विचारलेलं नसलं तरी जुन्या इंग्रजीतला माझा सर्वांत आवडता शब्द सांगतोच: 'उख्तचेआरु'. 'उख्त' म्हणजे रात्रीचा शेवटचा, उजाडण्याआधीचा प्रहर, आणि 'चेआरु' म्हणजे चिंता. हा जोडशब्द इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये जपलेल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात, एका विरहिणीच्या कवितेत येतो. नवरा समुद्रापार गेला आहे, आणि तो कुठल्या मुलखात असेल या काळजीने ती त्या प्रहरी तळमळते. आज उपलब्ध असलेल्या जुन्या इंग्रजी साहित्यात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी सापडतो. अशा अचूक शब्दाचं आयुष्य इतकं अपुरं राहावं याची मला खरंच हळहळ वाटते.

शेवटी, एक निरोप सध्या मोबाइलवर फिरतोय: बऱ्याच युरोपीय भाषांत आठच्या शब्दाआधी 'न' लावला की रात्रीचा शब्द होतो, यात काहीतरी गूढ आहे. गूढ नाही. रात्रीचा शब्द या भाषांना एकाच मुळापासून मिळाला, आठचाही तसाच मिळाला, आणि दोन्हींतले आवाज एकाच नियमाने बदलत गेले म्हणून जोड्या जुळल्या. रात्रीच्या त्या मुळाचं संस्कृत रूप 'नक्त'. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते नक्तव्रत. 'नक्त'मधला 'क' इंग्रजीत घासून 'ख' झाला, नंतर उच्चारातून गेला आणि लिहिताना न उच्चारलेल्या दोन अक्षरांच्या रूपाने राहिला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र तो अजून ऐकू येतो: तिथे रात्रीला 'निख्त' म्हणतात.