स्प्लिंटर सेल या गुप्तहेराच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या सगळ्या गेम्सना क्रम लावायचा झाला तर तुम्ही कसा लावाल?

तुम्ही लिहिलंय की नुकताच या मालिकेतला ब्लॅकलिस्ट संपवला, आवडला, आणि आता मागचे भाग खेळायचेत. त्यात सरस कोणता आणि कोणता सोडला तरी चालेल? मी ही मालिका पहिल्या भागापासून खेळत आलोय आणि एकूण एक भाग किमान दोनदा संपवलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी माझं मोजमाप सांगतो, म्हणजे क्रम पटला नाही तरी कशामुळे पटला नाही ते कळेल. गार्डची नजर तुमच्यावर पडते, तो ओरडतो, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात गेम तुमच्याशी कसा वागतो, यावर मी स्टेल्थ गेम, म्हणजे लपूनछपून खेळायचा गेम, जोखतो. अंधारात दबकून बसलेल्या सॅम फिशरला, म्हणजे मालिकेच्या नायकाला, बघायला प्रत्येक भागात मजा येते. चूक झाल्यावर मात्र प्रत्येक भाग वेगळा वागतो, आणि माझा सगळा क्रम तिथूनच लागतो.

पहिला क्रमांक केऑस थिअरी, 2005. यात मला कधीच शंका वाटली नाही. आधीच्या दोन्ही भागांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त अलार्म वाजले की मिशन खलास व्हायचं. इथे अलार्ममुळे मिशन संपतच नाही. पहारा कडक होतो, शेवटी मिळणारी टक्केवारी घसरते, पण निस्तरायची संधी तुमच्याच हातात राहते. एवढ्या एका बदलाने खेळण्याची सवयच पालटते. आधी मी चूक झाली की लगेच जुना सेव्ह उघडायचो. इथे मी कोपऱ्यात दम धरून बसायला शिकलो. गार्ड टॉर्च लावून शोधतोय, सोबत्याला हाक मारतोय, हळूहळू थंडावतोय आणि शेवटी आपल्या जागी परततोय, हे सगळं बघत.

त्याला जोड मिळते ती आवाजाच्या मीटरची. उजेडाचा मीटर पहिल्यापासून होता. इथे तुमचा आवाज आणि आजूबाजूचा आवाज एकाच पट्टीवर दिसतात. जनरेटर घरघरत असेल तर त्याच्या शेजारून भराभर चालता येतं, शांत दालनात मात्र एकेक पाऊल मोजून टाकावं लागतं. सुरुवातीच्या दीपगृहाच्या मिशनमध्ये तंबूच्या कापडावर आतल्या माणसाची सावली दिसते. तेच कापड सुरीने चिरून आत शिरता येतं, हे मला दुसऱ्यांदा खेळताना कळलं, आणि त्या दिवशी मी पुढे न जाता तेच मिशन पुन्हा पहिल्यापासून खेळलो. पिस्तुलाला जोडलेल्या यंत्राने दिवे आणि कॅमेरे थोडा वेळ बंद पाडता येतात. दिवा फोडला तर गार्डला संशय येतो, पण तो नुसता मिचमिचून पुन्हा लागला तर तो बहुतेक वेळा दुर्लक्ष करतो. पनामातल्या बँकेचं मिशन तर लेव्हल कशी रचावी याचा धडाच आहे: आत शिरायच्या वाटा अनेक, आणि काम झाल्यावर ही साधी चोरी वाटावी अशी व्यवस्था करून निघायचं. अमॉन टोबिनचं संगीतसुद्धा गार्ड निवांत आहेत, सावध आहेत की तुमच्या मागावर आहेत त्याप्रमाणे बदलतं. दोष नाहीत असं नाही. टोकियोच्या बाथहाऊसच्या शेवटी बॉम्ब निकामी करायची जी घाई लावलीय, ती या गेमच्या स्वभावाला शोभत नाही. तरीही पहिला क्रमांक हाच.

दुसऱ्या क्रमांकावर मी जो ठेवतो त्याने बरेच जण चकित होतात: 2006 चा डबल एजंट, पण जुन्या कन्सोल्ससाठी काढलेला. या नावाचे दोन वेगळे गेम आहेत. एक्सबॉक्स 360, प्लेस्टेशन 3 आणि पीसीसाठीचा युबीसॉफ्ट या कंपनीच्या शांघाय स्टुडिओने केला, तर जुना एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन 2 साठीचा केऑस थिअरी करणाऱ्या माँट्रियल स्टुडिओने. कथेचा सांगाडा एकच, लेव्हल वेगळ्या. जुन्या कन्सोल्सवरचा गेम म्हणजे केऑस थिअरीचाच पुढचा हप्ता वाटतो. सॅम अतिरेकी संघटनेत घुसलाय, आणि एका बाजूला तिचा विश्वास, दुसऱ्या बाजूला एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा, असा तराजू सतत सांभाळायचाय. त्यामुळे चुकीची किंमत अलार्मपुरती राहत नाही, नात्यात मोजावी लागते. ही कल्पना मला फार भावते. मिळवून खेळायला थोडी खटपट करावी लागेल, पण करा.

तिसरा ब्लॅकलिस्ट, 2013. तो तुम्ही खेळलाच आहात, म्हणून थोडक्यात. घोस्ट (कुणालाही न दिसता), पँथर (लपून मारत) आणि असॉल्ट (थेट हल्ला) या तिन्ही पद्धतींना गुण दिल्यामुळे तो सगळ्यांना सामावून घेतो, पण त्यामुळेच पकडलं गेल्याचं फारसं दुःखही होत नाही. परफेक्शनिस्ट या सर्वात अवघड पातळीवर ग्रिम या सहकारिणीने दिलेली मिशन्स खेळून पाहा, तिथे हा गेम कितीतरी वरच्या दर्जाचा वाटतो. आधीच्या भागांतल्या सॅमचा, मायकेल आयर्नसाइडचा, आवाज नसल्याची खंत मला आजही आहे. एरिक जॉन्सनने काम वाईट केलेलं नाही, पण तो जुना, थकलेला, खर्जातला सॅम ज्यांनी ऐकलाय त्यांना हा परकाच वाटतो. तुम्ही उलट्या क्रमाने जात असल्यामुळे तुम्हाला तो आवाज आता नव्याने भेटेल, याचा मला खरंच आनंद आहे.

चौथा क्रमांक मालिकेच्या पहिल्या भागाचा, 2002. उजेड-अंधाराचा खेळ त्या काळी असा कुणी दाखवला नव्हता. पडद्यांवरून सरकणाऱ्या सावल्या बघत मी नुसता उभा राहायचो. सीआयएच्या मुख्यालयाचं मिशन आजही ताठ मानेने उभं आहे, कारण तिथे कुणाला मारायची परवानगी नाही आणि समोरचे लोक आपल्याच बाजूचे आहेत. पण गेम कडक आहे. काही मिशन्समध्ये एकही अलार्म चालत नाही, नेम स्थिरावायला वेळ लागतो, आणि काही जागी ठरलेली एकच वाट सापडेपर्यंत तेच तेच करत बसावं लागतं. 2004 चा पँडोरा टुमॉरो मी त्याच्या लगेच खाली ठेवतो. अलार्म वाजला की गार्ड चिलखत चढवतात, ही भर चांगली आहे, आणि पॅरिसहून निघालेल्या ट्रेनच्या बाहेरच्या अंगाला लटकत जायचं मिशन विसरता येत नाही. हेर विरुद्ध भाडोत्री सैनिक अशा ऑनलाइन लढतीच्या स्पाइज व्हर्सेस मर्क्सचा जन्मही इथलाच. मूळ पीसी आवृत्ती आजच्या ग्राफिक्स कार्डांवर चालवली तर सावल्या बिघडतात, आणि या गेममध्ये सावली बिघडली तर मग उरतं काय? म्हणून तो कन्सोलवरच खेळा.

सहावा कन्व्हिक्शन, 2010. इथे माझं मन दोन बाजूंनी ओढलं जातं. तुम्ही दिसलात आणि निसटलात की जिथे शेवटचे दिसलात तिथे तुमची पांढरी आकृती उरते, गार्ड तिच्यावर गोळ्या झाडत बसतात आणि तुम्ही मागून येता. पकडलं जाणं हेच हत्यार करणारी ही कल्पना फार हुशारीची आहे. पण मृतदेह उचलून लपवता येत नाही, नुसतं बेशुद्ध करता येत नाही, आणि मार्क अँड एक्झिक्यूटचं (आधी खुणा केलेल्या शत्रूंना एकदम टिपायचं) बटण दाबलं की खोली आपोआप साफ. सावलीत बसून वाट बघायचं कारणच उरत नाही. एक शिफारस मात्र मनापासून: आर्चर आणि केस्ट्रेल या दोन एजंटांची को-ऑप (दोघांनी मिळून खेळायची) मोहीम एखाद्या मित्रासोबत जरूर खेळा. मुख्य कथेपेक्षा ती मला जास्त लक्षात आहे.

शेवटचा डबल एजंट, पण नव्या कन्सोल्सचा. संघटनेच्या मुख्यालयात दिलेलं काम ठरलेल्या वेळात उरकून, उरलेल्या मिनिटांत बंद खोल्यांत शिरायचं, हा भाग उत्तम जमलाय. बर्फाखाली पोहत जाऊन वरच्या गार्डला खाली ओढणंही थरारक आहे. बाकी बराचसा खेळ लख्ख उजेडात होतो, आणि त्या उजेडात लपायची साधनं पुरेशी दिलेली नाहीत. सोडायचाच असेल तर हा सोडा.

तुमच्यासाठी खेळायचा क्रम: आता थेट केऑस थिअरी, मग जुना डबल एजंट. त्यानंतरही भूक असेल तरच पहिला भाग, कारण ब्लॅकलिस्टची सवय घेऊन थेट 2002 मध्ये उतरलात तर पहिल्याच तासात वैतागून बंद कराल. आणि केऑस थिअरीत पहिली दोन मिशन्स होईपर्यंत सेव्हच्या बटणाला हात लावू नका. गार्डने पाहिलं तर पळा, अंधार शोधा, आणि तो परत जाईपर्यंत थांबा.