नऊ महिन्यांनंतर पुन्हा गर्द

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना त्याला गर्दचे (ब्राउन शुगरचे) व्यसन लागले. गेल्या वर्षी तो व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि त्यानंतर नऊ महिने त्याने काहीही घेतले नाही, नोकरीही लागली. बोनस मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाणीघराच्या खिडकीत, साबणाच्या डब्यामागे मला चंदेरी कागद सापडला. त्यावर तपकिरी ओघळ होता. विचारल्यावर त्याने रडत कबुली दिली. बाबा म्हणतात, आता याला घरात ठेवायचे नाही. आईने देवासमोर शपथ घ्यायला लावली. तेव्हापासून तो खोलीला कडी लावून बसतो. सगळे उपचार वाया गेले का?
— एक बहीण, कल्याण

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी त्या कडीबद्दल बोलू, कारण ती गोष्ट जिवाशी निगडित आहे. रोज गर्द ओढणाऱ्याच्या शरीराला त्या मात्रेची सवय झालेली असते. व्यसन बंद झाले की ही सवय काही आठवड्यांतच उतरते. मनाला मात्र जुनीच मात्रा आठवत असते. त्यामुळे मोठ्या खंडानंतर माणूस पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि तिने श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल, तर धोका कितीतरी वाढतो. म्हणून आज संध्याकाळीच भावाशी शांतपणे बोला आणि त्याला एवढेच मागा, की त्याने खोलीची कडी लावू नये आणि घरात कोणी नसताना एकटे राहू नये. तो हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरणारा असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर "झोपला आहे, झोपू दे" असे म्हणून थांबू नका. लगेच १०८ला फोन करा, त्याला कुशीवर वळवून ठेवा, श्वासावर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना गर्दचे नाव स्पष्ट सांगा. त्यावर नॅलोक्सोन नावाचे इंजेक्शन आहे, पण कारण लपवले तर ते देण्यात मोलाचा वेळ जातो.

आता तुमचा प्रश्न. उपचार वाया गेलेले नाहीत. अमेरिकेतील काही वैद्यकीय तज्ज्ञांनी २००० साली व्यसनाची तुलना मधुमेह, उच्च रक्तदाब आणि दमा या दीर्घकालीन आजारांशी केली होती. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा नशेकडे वळणाऱ्यांचे प्रमाण त्यांनी ४० ते ६० टक्के सांगितले आणि त्या इतर आजारांतही पथ्य किंवा औषध सुटून त्रास उलटण्याचे प्रमाण कमी नाही, हे दाखवून दिले. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण वडिलांना घराबाहेर काढत नाही. डॉक्टरांकडे नेतो आणि औषधाचा फेरविचार करतो. तुमच्या भावाने नऊ महिने तलफ सोसली, नोकरी मिळवली आणि ती सांभाळली. हे सारे त्याने स्वतः कमावले आहे आणि एका कागदाने ते पुसले जात नाही.

त्या शपथेविषयी मात्र मला मनापासून चिंता वाटते. अ‍ॅलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हे नेमकेपणाने मांडले, की एकदा पाय घसरणे आणि पूर्णपणे व्यसनात परतणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि पहिलीतून दुसरी घडण्यामागे त्या पदार्थाइतकाच "मी संपलो, आता थांबून काय उपयोग" हा विचारही असतो. शपथ मोडली की त्याची भर या विचारात पडते. आईला तोंड कसे दाखवायचे, ही शरम सहन होत नाही आणि शरम बधिर करण्याचा एकच उपाय त्याला जुन्या काळापासून ठाऊक आहे. आईची माया मी समजू शकतो, पण यापुढे त्याच्याकडून आयुष्यभराचे वचन मागू नका. आजचा दिवस कसा गेला, एवढे विचारत चला, आणि उत्तर वाईट आले तरी घरात आरडाओरडा होणार नाही, याची खात्री त्याला द्या. सत्य सांगितल्यावर घर सुटणार असेल, तर पुढच्या वेळी तो ते सांगणार नाही.

तो जिथे उपचार घेऊन आला त्या केंद्रातील समुपदेशकांना याच आठवड्यात भेटा. पुन्हा भरती व्हावे लागेलच असे नाही. किती दिवस आणि किती घेतले, टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने शरीराला होणारा त्रास, सुरू झाली आहे का, हे पाहून डॉक्टर ठरवतील. मुक्तांगणसारखी, १९८६पासून पुण्यात काम करणारी केंद्रे घरच्यांशीही बोलतात, त्याचा लाभ घ्या. कुठे जावे हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे गप्प बसतात. त्यांच्यासाठी सांगतो, की अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

समुपदेशकांसमोर त्या एका दिवसाऐवजी त्याआधीचे महिनाभर तपासा. घसरण बहुधा पन्नी हातात येण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. फॉलोअप चुकू लागला होता का, जेवण आणि झोप बिघडली होती का, "मला आता काही होत नाही" असे तो म्हणू लागला होता का, जुन्या कोणाचा फोन आला होता का? बोनसची रक्कम हाती आली हा योगायोग मानू नका. अनेकांना पगाराच्या दिवशीच तलफ उसळते, कारण खिशातले पैसे आणि अड्ड्याची वाट यांची गाठ मेंदूत पक्की बसलेली असते. काही काळ पगार तुमच्या खात्यात यावा, त्याने रोजच्या खर्चापुरते घ्यावे, ही व्यवस्था त्याच्याच संमतीने करा. जबरदस्तीने केली तर ती पाळत होते आणि तो तिला बगल देण्यातच शक्ती घालवतो.

बाबांना सांगा, की घरात ठेवणे म्हणजे सगळे चालवून घेणे नव्हे. त्याची उधारी फेडणार नाही, घरात नशा चालणार नाही, ऑफिसात त्याच्यासाठी खोटे बोलणार नाही, हे त्यांनी ठामपणे सांगावे आणि तसे वागावे. केंद्रात जायचे म्हटल्यावर मात्र सोबत निघावे.

प्रश्न : गर्द सोडल्यापासून मी डॉक्टरांनी दिलेली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून घेतो. घरचे म्हणतात, ही दुसरी नशाच आहे, तू अजून क्लीन नाहीस. मध्यंतरी लाज वाटून गोळी बंद केली आणि दोन आठवड्यांत पुन्हा गर्द ओढले. आता काय करू?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : गोळी पुन्हा सुरू करा, पण डॉक्टरांना भेटूनच. गर्दचा अंमल शरीरात असताना ही गोळी घेतली, तर अचानक जोराची टर्की येते. म्हणून शेवटचे गर्द कधी घेतले ते त्यांना खरे सांगा. ही गोळी मेंदूतील त्याच जागा धरते जिथे गर्द बसते, मात्र ठरलेल्या मात्रेत ती गुंगी न आणता तलफ आणि टर्की दाबून ठेवते, आणि वरून गर्द घेतले तरी त्याचा परिणाम बराच रोखते. ती घेऊन तुम्ही कामावर जात असाल, पूर्ण पगार घरी आणत असाल, तर माझ्या मते तुम्ही क्लीन आहात. पुढच्या भेटीला घरातील एका माणसाला सोबत न्या आणि डॉक्टरांनाच त्यांना हे समजावून सांगायला सांगा. गोळी कमी करायची वेळ आलीच, तर ती महिनोन्‌महिने थोडी थोडी, त्यांच्या देखरेखीखाली कमी होते.