अट लिहिण्याआधी एक दिवस स्टोअरमध्ये उभे राहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकच्या अंबडला साठ माणसांचं शीट मेटलचं युनिट, स्टोअर असिस्टंट आणि क्वालिटी इन्स्पेक्टर अशा जागा भरायच्या आहेत. 84 अर्ज आले, त्यांत बायका दोन, दिव्यांग उमेदवार एकही नाही. जाहिरातीत कोणते शब्द घातले म्हणजे सगळ्या प्रकारची माणसं येतील, असं तुम्ही विचारलंय. घालायचं काय ते नंतर बघू, आधी काढायचं बरंच आहे. बावीस वर्षं मी कारखान्यांत पर्सोनेल सांभाळते आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ भरतीत गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही दिलेली जाहिरात अशी होती: "स्टोअरसाठी तरुण, तडफदार मुले पाहिजेत. वय 21 ते 28. वजन उचलण्याची तयारी हवी. स्वतःची दुचाकी व इंग्रजी संभाषण आवश्यक. फोटोसह बायोडेटा पाठवा. निवडक उमेदवारांची फोनवर मुलाखत होईल."

"मुले" हा शब्द तुम्ही सहज लिहिला असणार. शॉप फ्लोअरवर आपण सगळेच "पोरं पाहिजेत" म्हणतो. पण स्टोअरचं काम येणारी बाई ते वाचते आणि पुढच्या जाहिरातीकडे जाते. तुम्हाला फोन करून "मी चालेन का?" असं विचारत नाही. 1974 मध्ये टेल्कोच्या (पुढची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, तेव्हा सुधा मूर्तींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. सगळ्यांकडून तेवढ्या धिटाईची अपेक्षा कशी धरायची? दोनच वर्षांनी समान वेतन कायदा आला. त्यात वेतनाबरोबरच भरतीतही बाई म्हणून डावलायला मनाई होती. तीच तरतूद आता 2019 च्या वेतन संहितेत आहे. तेव्हा "मुले पाहिजेत" हे कायद्यालाही धरून नाही.

मराठीत याची एक वेगळीच अडचण आहे. आपलं क्रियापदच लिंग सांगून जातं. "उमेदवार डिप्लोमाधारक असावा, मशीन चालवणारा असावा" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. "असावा/असावी" असा तिरपा दांडा मारत गेलं की जाहिरात वाचवत नाही. मी व्यक्तीचं वर्णनच टाळते. "शिक्षण: मेकॅनिकल डिप्लोमा. कामाचा अनुभव: एक वर्ष. व्हर्नियर व हाइट गेज ही मापनाची साधने वापरता येणे आवश्यक." यात कुठेच "तो" येत नाही आणि मराठीही बिघडत नाही. "तरुण, तडफदार" तर काढूनच टाका. त्यातून कामाबद्दल काहीच कळत नाही, पण चाळिशीतला अनुभवी माणूस मात्र मागे फिरतो.

आता "वजन उचलण्याची तयारी". ही अट मीही वर्षानुवर्षं लिहायचे. एकदा एका स्टोअरच्या जागेसाठी पाच महिने चांगलं माणूस मिळेना, तेव्हा वही घेऊन सकाळी आठपासून पाचपर्यंत स्टोअरमध्ये उभी राहिले. 25 किलोच्या वरची पेटी दिवसभरात चार वेळा हलली. तीन वेळा हँड पॅलेट ट्रकवर (जड माल हलवायची हातगाडी), एकदा दोघांनी धरून. उरलेला सगळा वेळ चलन (मालासोबत येणारा कागद) आणि माल ताडून पाहणं, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची पावती काढणं, बिन कार्ड म्हणजे खणातल्या साठ्याचं कार्ड भरणं, लाइनवर माल देणं, कोणता बोल्ट संपत आलाय ते पर्चेसला कळवणं. ज्या कामात डोकं आणि काटेकोरपणा लागतो त्याचा जाहिरातीत उल्लेखच नव्हता, आणि जे पॅलेट ट्रक करतो ते अट म्हणून लिहिलं होतं. अट काढली, कामं जशी होती तशी लिहिली. नवीन अर्जांत अकरा बायका होत्या आणि पोलिओमुळे एका पायाने अधू असलेला एक गृहस्थ. निवड या गृहस्थांचीच झाली. आम्ही फक्त रोज लागणारा माल रॅकच्या खालच्या तीन खणांत आणला. त्यांनी पहिल्याच वर्षी स्टॉकमधला फरक इतका खाली आणला की ऑडिटरने मुद्दाम विचारलं, स्टोअर कोण बघतं?

तुमच्या प्रत्येक अटीला हाच प्रश्न लावा: ही गोष्ट कोण, कोणत्या दिवशी, कशासाठी वापरणार? दुचाकी कशाला हवी? माणूस वेळेवर यावा म्हणून. मग "सकाळी 8 वाजता हजर" एवढंच लिहा, कसं यायचं ते त्याचं तो बघेल. इंग्रजी संभाषण? स्टोअरमध्ये बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. चलन वाचता आणि संगणकावर नोंद करता आली की झालं.

फोनवरची मुलाखत बंद करा, निदान सगळ्यांसाठी सक्तीची ठेवू नका. तुमच्याकडे एकही कर्णबधिर उमेदवार का पोचला नाही याचं एक उत्तर तिथेच आहे. आमच्याकडे इन्स्पेक्शनला कर्णबधिर मुलगी आहे. तिने मेसेजवर कळवलं होतं की फोन घेता येणार नाही. मुलाखतीला तिची बहीण खुणांची भाषा समजावून सांगायला आली. प्रश्नोत्तरं थोडीच झाली. टेबलावर दहा पार्ट ठेवले, ड्रॉइंग दिलं आणि रिजेक्ट कोणते ते वेगळे काढायला सांगितलं. त्यात तीन खराब होते. तिने तिन्ही काढले आणि चौथ्यावर बोट ठेवून ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सकडे (मापात किती फरक चालतो ते) बघितलं. तो पार्ट अगदी काठावर होता, आमच्या सुपरवायझरने पास केलेला. ती रुजू झाल्यावर आगीच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा बसवला आणि फोर्कलिफ्टचा रस्ता पिवळ्या पट्ट्यांनी आखला. दिवा आता सगळ्यांनाच उपयोगी पडतो, कारण प्रेस शॉपमध्ये कानांत प्लग असतातच. अशी गरज पडली तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, श्रवणदोषावर काम करणारी राष्ट्रीय संस्था. तिथे विचारता येतं.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी कारखान्यांनाही लागू आहे. 20 किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरण लेखी हवं: दिव्यांगांसाठी कोणत्या जागा योग्य, निवड कशी होणार, सोयी कोणत्या. तुमच्याकडे साठ जण आहेत, म्हणजे ते आधीच असायला हवं. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत डावलण्याला 2019 च्या कायद्याने मनाई आहे. तुमच्या अर्जात "स्त्री/पुरुष" एवढ्याच दोन चौकटी असतील तर तिसरी घाला, किंवा निवड होईपर्यंत तो रकानाच ठेवू नका.

फोटो आणि नावाबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडे आडनाव वाचलं की माणूस कुठला, कोणातला, हे मनात आपोआप येतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, नावं तेवढी वेगळी. 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. ते अर्ज चाळणारे लोक दुष्ट होते असं मला वाटत नाही. ते तुमच्या-माझ्यासारखे, सकाळी गठ्ठा हातात घेऊन बसलेले. म्हणून आमच्याकडे आता ऑफिसमधली एक मुलगी अर्जांना नंबर देते, नाव, पत्ता आणि फोटो झाकते आणि मग चाळणी होते. साठ-सत्तर अर्जांना दीड तास लागतो.

याहून मोठी चाळणी ओळखीची. "आमच्या गावचा आहे, घ्या" असं करत एका लाइनवर एकाच तालुक्याची, एकाच भावकीची माणसं जमतात आणि मग जाहिरात कितीही चांगली लिहा, जागा आधीच भरलेली असते. ओळखीने आलेला अर्जही त्याच गठ्ठ्यात, नंबर लावून. मुलींच्या आयटीआयला आणि दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जाहिरात स्वतः नेऊन द्या, राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगार पोर्टलवरही टाका.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, आणि गुण प्रत्येकाने आपापल्या कागदावर आधी लिहायचे, चर्चा मागून. लग्न कधी, मूल कधी, सासरचे पाठवतील का, हे कोणालाच विचारायचं नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत यातले तिन्ही विचारले होते. ती नोकरी मिळाली आणि रुजू झाल्यावर कळलं की बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही. मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. आठ महिन्यांनी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि मी ती नोकरी सोडली. म्हणून "महिलांनी अवश्य अर्ज करावा" हे वाक्य लिहिण्याआधी तुमच्याकडचं स्वच्छतागृह स्वतः उघडून बघा, कडी आणि पाणी आहे का ते. दहा माणसं असली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती सक्तीची आहे, तिची नावं फलकावर आहेत का तेही बघा. सेकंड शिफ्ट रात्री सुटते तेव्हा गाडी आहे का?

हे सगळं धरून तुमची जाहिरात मी अशी लिहीन:

"स्टोअर असिस्टंट, 2 जागा, अंबड. काम: आलेला माल चलनाशी ताडणे, संगणकावर नोंद, लाइनला माल देणे, महिनाअखेर साठा जुळवणे. जड मालासाठी पॅलेट ट्रक आहे. बारावी, संगणकावर नोंदीची सवय. वेळ सकाळी 8 ते 4.30. पगार (आकडा लिहा). स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, दिव्यांग सर्वांनी अर्ज करावा. मुलाखतीसाठी रॅम्प, दुभाषी, मेसेजवर संपर्क अशी काही सोय हवी असल्यास अर्जात कळवा."

पगाराचा आकडा खरंच लिहा. "अनुभवानुसार" म्हटलं की जो घासाघीस करतो त्याला जास्त मिळतं आणि जिला तशी सवय नाही तिला त्याच कामाचे कमी.

इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मला तुमच्याकडची इन्स्पेक्शनची साधनं आणि एका शिफ्टमधले पार्ट किती ते कळवा. ती जाहिरात त्यावरून लिहून देते.