वाचकांचे प्रश्न : गुपित, पुरावा आणि गळ्याची शपथ

प्रश्न : मी कुमारवयीन व तरुण वाचकांसाठी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. नीटच्या तयारीसाठी लातूरला राहणारी १७ वर्षांची एक मुलगी एप्रिलमधल्या एका रात्री वसतिगृहातून नाहीशी होते. तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण तिचा शोध घेते आणि शेवटी उघड होते की सर्वांना आवडणारा, क्लासमधला पहिल्या क्रमांकाचा मुलगा वर्षभर तिचा छळ करत होता. हस्तलिखित वाचलेल्या दोघांनी दोन आक्षेप घेतले आहेत. छळाची चाहूल आधी लागली तर रहस्यच उरत नाही, असे एकाचे म्हणणे आहे. इतकी हुशार मुलगी त्याला पहिल्याच महिन्यात सोडून गेली असती, त्यामुळे कथा पटत नाही, असे दुसऱ्याचे. मी काय बदलावे?
— एक नवलेखिका, सांगली

उत्तर : हे दोन्ही आक्षेप एकाच समजातून आले आहेत. ‘हे कोणी केले’ एवढेच रहस्य, असे तुमच्या वाचकांनी धरून चालले आहे. तुमच्या कथेत त्याहून मोठा प्रश्न दडलेला आहे. तीन मुली एका खोलीत राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसतात, आणि तरीही त्यांच्यापैकी एकीचे वर्षभर काय चालले होते, हे कोणालाच कसे कळले नाही? याचे उत्तर असे की सर्वांना सर्व काही दिसत होते, पण त्याला त्यांनी प्रेम हे नाव दिले होते. हे उत्तर वाचकाला शेवटी मिळाले, तर त्याला धक्का बसेल आणि तो धक्का बराच काळ त्याच्याजवळ राहील.

म्हणून छळ लपवू नका; तो वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवा. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी जे नियम सांगितले, त्यांत शोध घेणाऱ्याला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तेव्हाच दाखवला पाहिजे, असा एक नियम आहे. तुमच्या कथेत हे धागे म्हणजे नियंत्रणाच्या खुणा आहेत. तो रात्रभर फोन चालू ठेवायला लावतो आणि ती उशाशी फोन ठेवून झोपते. मुलगे आहेत म्हणून ती क्लासच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडते. मेसची वेळ आणि त्याच्या फोनची वेळ एकच असल्यामुळे ती हळूहळू रात्रीचे जेवण सोडते. लातूरच्या चाळीस अंशांच्या उन्हातही तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता असतो. या खुणांपैकी निम्म्या तरी मैत्रिणीच्या तोंडून कौतुकाने, किंबहुना थोड्या हेव्याने येऊ द्या. ‘किती काळजी करतो गं तुझी!’ हे वाक्य तिसऱ्या प्रकरणात आले आणि विसाव्या प्रकरणात त्याच मैत्रिणीला ते आठवले, तर तुम्हाला वेगळा उलगडा लिहावा लागणार नाही. आज तुमच्या हस्तलिखितात या खुणा शेवटच्या वीस पानांत एकदम येतात, आणि त्यामुळे वाचकाला फसवले गेल्यासारखे वाटते.

दुसऱ्या आक्षेपाला मात्र मी अधिक गंभीरपणे घेतो, कारण तो कथेवरचा नसून त्या मुलीवरचा आहे. हुशारीचा आणि सुटकेचा असा सरळ संबंध नसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली अशा नात्यांचे एक चक्र मांडले : आधी ताण वाढत जातो, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर माफीचा, भेटींचा, रडून जवळ घेण्याचा काळ येतो. प्रत्येक नाते याच क्रमाने जाते असे नाही, आणि या मांडणीवर पुढे टीकाही झाली; पण तुमच्या कादंबरीतून तिसरा टप्पा पूर्णपणे गळला आहे, हे दाखवण्यासाठी ती पुरेशी आहे. तुमच्या कथेतला मुलगा तिच्याशी नात्याच्या पहिल्या दिवसापासून क्रूर वागतो. त्याला खरोखर चांगला असलेला एखादा आठवडा द्या : तिला ताप आला असता तो भौतिकशास्त्राच्या नोट्स स्वतःच्या हाताने उतरवून देतो, आणि त्या नोट्स खरोखर उत्तम असतात. ती कोणत्या माणसाच्या परत येण्याची वाट पाहत होती, हे वाचकाला तेव्हा कळेल.

याशिवाय तिच्या गप्प बसण्याची कारणे लातूरमध्येच शोधा. वडिलांनी कर्ज काढून क्लासची फी भरली आहे. घरी काही कळले तर शिक्षण थांबेल, बॅग भरून गावी नेतील आणि स्थळे पाहायला लागतील, हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि त्यालाही ठाऊक आहे. म्हणून त्याला मोठी धमकी द्यावीच लागत नाही. ‘तुझ्या बाबांना फोन करू का?’ एवढे वाक्य त्याला पुरते. म्हणजे हे गुपित त्या मुलाने एकट्याने निर्माण केलेले नाही. घरच्या इभ्रतीच्या कल्पनेने आणि मुलींनाच जाब विचारणाऱ्या वसतिगृहाने त्याच्या हाती ते आयते दिले आहे. तुमच्या कादंबरीत मला सर्वांत खरे वाटलेले पान रेक्टरबाईंचे आहे, ज्या सारे ऐकून घेऊन फक्त ‘पण तू बोलायला गेलीसच कशाला?’ असे विचारतात. ते पान कोणत्याही कारणाने काढू नका.

नाहीशी होण्याची रात्र तिने त्याला नकार दिल्यानंतर लगेच येऊ द्या. अशा नात्यात स्त्रीला सर्वांत जास्त धोका ती सोडून जाऊ लागते तेव्हा असतो, आणि ‘सोडून का गेली नाही’ असे विचारणाऱ्या वाचकाला याहून नेमके उत्तर नाही.

कायद्याची बाजू तुम्ही घाईत लिहिली आहे. मुलगी १८ वर्षांखालील असल्यामुळे लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तिची संमती होती का, हा प्रश्नच उरत नाही, आणि बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. माहिती दडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मात्र बालकाला ही शिक्षा लागू होत नाही. तुमच्या कथेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की गप्प राहिलेल्या सतरा वर्षांच्या मैत्रिणीला कायदा दोषी धरत नाही, पण रेक्टरबाईंना धरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हाही गुन्हा आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने जोडीदारावर सतत नियंत्रण ठेवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. आपल्याकडे तसे स्वतंत्र कलम नाही. म्हणून ठाण्यातील अधिकारी ‘तक्रार नेमकी कशाची?’ असे विचारतो, तेव्हा तो दुष्ट असण्याची गरज नाही. मैत्रिणीला वर्षभराच्या त्रासातून एकेक कृत्य वेगळे काढून सांगावे लागते, आणि तुमच्या शोधकथेचा तो खरा कळस होऊ शकतो.

शेवटच्या प्रकरणातील मुलाच्या कठोर वडिलांची हकिकत मी काढून टाकेन. त्या पानांवर त्या मुलीचा हक्क आहे. तिच्या वहीच्या समासातील नोंदींतून तिचा स्वतःचा आवाज येऊ द्या. आत्ता ती फक्त इतरांच्या आठवणींत आहे.

प्रश्न : मी १६ वर्षांची आहे. अशीच एक रहस्यकथा वाचताना मला माझ्या मैत्रिणीची आठवण आली. तिचा मित्र तिच्या फोनचा पासवर्ड घेऊन बसला आहे, तिने फोन उचलला नाही तर तिचे खासगी फोटो सर्वांना पाठवीन म्हणतो. तिने मला गळ्याची शपथ घातली आहे. मी कोणाला सांगितले तर मी विश्वासघात केला असे होईल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : तुझा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि तू तो विचारलास याचे मला मोल वाटते. तुझ्या मैत्रिणीने शपथ घातली ती तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. सांगितल्यावर आपल्यालाच दोष देतील, या भीतीने घातली. त्यामुळे शपथ मोडण्याआधी त्या भीतीकडे जा. ‘त्याला सोडून दे’ असे तिला सांगू नकोस. ते ती स्वतःलाही शंभरदा म्हणाली असेल. ‘यात तुझी चूक नाही, आणि मी हे एकटी पेलू शकत नाही’ असे सांग, आणि कोणत्या मोठ्या माणसाला सांगायचे हे तिला निवडू दे. आई नको असेल तर मावशी, मावशी नको असेल तर वर्गशिक्षिका. आरडाओरडा न करता ऐकून घेईल असे माणूस हवे.

त्या मुलाचे संदेश तिने खोडू नयेत, त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पासवर्ड आणि ठिकाण दाखवणारी सोय मात्र कोणी मोठे माणूस सोबत असतानाच बदलावी, कारण ते त्याला लगेच कळते आणि तो चिडू शकतो. १८ वर्षांखालील मुलामुलींच्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवा आहे. तिच्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही, फक्त त्याची सांकेतिक खूण फोनवरच तयार होते आणि सहभागी समाजमाध्यमे त्या खुणेवरून फोटो ओळखून तो काढून टाकतात.

ती कोणालाही सांगायला तयार नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक तू स्वतः लावू शकतेस. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो. मात्र तिला मारहाण होत असेल, त्याने फोटो पाठवायला सुरुवात केली असेल किंवा ती जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर तिच्या होकाराची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांग किंवा ११२ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन कर. ती रागावेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. त्या दिवसांतही क्लासला जाताना तिच्यासाठी थांबत जा.